गोड्या पाण्याच्या झऱ्यांत डायव्हिंग आणि चित्रीकरण: फ्लोरिडाचे तीन आठवडे (धागा)

विहीरवाला

मंडळी, नमस्कार.

मी कोथरूडचा. पोहायला शिकलो ते सासवडजवळच्या आजोळच्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. डबा सुटल्यावर पहिल्यांदा सूर मारला आणि खाली डोळे उघडले तेव्हा हिरवा उजेड दिसला. कपारीतून येणारं गार पाणी पायाला लागलं. हे पाणी येतं तरी कुठून, ते बघायची ओढ तेव्हा लागली. ती या जानेवारीत, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी फ्लोरिडात पुरी झाली. मावसभाऊ गेन्सव्हिलला असतो, त्याच्याकडे तीन आठवडे मुक्काम ठोकला आणि जमेल तितके झरे पाण्याखालून पाहिले, चित्रित केले. अकरा तासांचं फुटेज घेऊन आलो. त्यातलं दाखवण्याजोगं निघालं नऊ मिनिटं. हा धागा त्या नऊ मिनिटांबद्दल आहे आणि उरलेलं का वाया गेलं त्याबद्दलही.

तयारी पुण्यातच झाली. थिअरी आणि पोहण्याच्या तलावातले धडे इथे, समुद्रातले चार डाइव्ह मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर. त्याआधी तारकर्लीला दोनदा पाण्यात उतरलो होतो, पण तिथे समुद्र गढूळ असला की स्वतःचा हात नीट दिसत नाही. त्यामुळे झऱ्यातलं पाणी पाहिल्यावर पहिला अर्धा मिनिट मी नुसता काठावर उभा राहिलो. तळाची वाळू, गवताची पात, माशाची सावली, सगळं स्वच्छ. पाणी मध्ये आहे हे कळावं ते फक्त त्याच्या हलण्यावरून.

पाण्याचं तापमान बाराही महिने सुमारे २२ अंश. ऐकायला उबदार वाटतं, पण पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा पंचवीसेक पटीनं लवकर ओढून घेतं. पाऊण तासानं दात वाजायला लागतात. ५ मिलिमीटरचा सूट घ्याच.

पहिली मोठी चूक वजनाची. नेत्राणीला कमरेला जेवढं शिसं लावायचो तेवढंच इथे लावलं. गोडं पाणी समुद्रापेक्षा साधारण अडीच टक्के हलकं, ते आपल्याला कमी उचलून धरतं. म्हणजे माणूस आणि सगळं सामान मिळून शंभर किलो धरलं तर अडीच किलो शिसं कमी लागतं. हा हिशोब मला वर्गात शिकवला होता, वहीत लिहिलेलाही आहे. तरी विलिस्टनच्या डेव्हिल्स डेनमध्ये मी दगडासारखा तळाला गेलो, घाबरून पाय मारले आणि गाळाचा ढग उठवला. ही जागा म्हणजे जमिनीखालची गुहा. वर छताला भोक, खाली निळं पाणी, थंडीत त्या भोकातून वाफ बाहेर येते. खोली सोळा-सतरा मीटर. तळातून हिमयुगातल्या, आता नामशेष झालेल्या प्राण्यांची हाडं सापडलेली. अशा ठिकाणी माझ्यामुळे आणखी चौघांना पुढची वीस मिनिटं काही दिसलं नाही. वर आल्यावर मी प्रत्येकाची माफी मागितली. त्यानंतरचे दोन पूर्ण दिवस कॅमेरा खोलीवर ठेवला आणि फक्त तरंगायचा सराव केला: श्वास घेतला की जरासं वर, सोडला की जरासं खाली, हातपाय न हलवता. पाय बेडकासारखे बाजूला मारायचे, वरखाली नाही. माझ्या फुटेजमध्ये या दोन दिवसांआधीचं आणि नंतरचं असा सरळ फरक दिसतो. आधीच्यात प्रत्येक शॉट डुलतो.

दुसरी गोष्ट मला एका कासवानं शिकवली. सांता फे नदीकाठी जिनी स्प्रिंग्ज म्हणून जागा आहे. तिथे पहिल्या दिवशी मी माशांच्या मागे कॅमेरा घेऊन फिरलो. मिळालं काय, तर माशांच्या शेपट्या. तिसऱ्या दिवशी कॅमेरा वजन लावलेल्या छोट्या तिपाईवर, गवत टाळून, मोकळ्या वाळूवर ठेवला आणि सहा-सात मीटर लांब जाऊन थांबलो. चार मिनिटं काही नाही. मग ब्लूगिल नावाचे तळहाताएवढे मासे आले, काचेत डोकावून गेले. अकराव्या मिनिटाला मोठ्या डोक्याचं एक मस्क टर्टल तळावरून चालत आलं. हो, चालत. एकेक पाय टाकत, वाळूत नाक खुपसत, थेट भिंगापर्यंत. थांबलं, मान वर केली, बाजूनं वळसा घालून गेलं. नऊ मिनिटांतली दीड मिनिटं त्याची आहेत.

मॅनटी या अजस्र पाणप्राण्यांबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो, ते सविस्तर लिहायचं आहे. तोवर प्रश्न विचारा.

निळीछत्री

सुंदर. कासवाचं वाचताना श्वास रोखून धरला. मॅनटी लवकर येऊ द्या. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

फ्रेमचोवीस

उत्तम धागा. मी लग्नं आणि जाहिराती शूट करतो, पाण्याखाली फक्त दोनदा काम केलंय, तेही पोहण्याच्या तलावात. काही विचारायचं आहे. रंग कसा सांभाळला? लाल गेला असेल ना? दिवे होते का? आणि कॅमेऱ्याचं आवरण सपाट काचेचं होतं की घुमटाच्या काचेचं?

विहीरवाला

@फ्रेमचोवीस, लाल जातोच, पाच-सहा मीटरवरच रंग उतरायला लागतो. माझ्याकडे पांढरी प्लास्टिकची पाटी होती. दर तीनेक मीटरला खोली बदलली की ती समोर धरून व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची कॅमेऱ्यातली जुळणी) नव्यानं लावायचो. पहिल्या आठवड्यात ऑटोवर ठेवलं होतं. सूर्य ढगात गेला की एकाच शॉटमध्ये पाणी निळ्याचं हिरवं व्हायचं, ते नंतर एडिटिंगमध्ये नीट करता येत नाही.

आवरण आधी सपाट होतं. पाण्यातून काचेमार्गे हवेत येताना किरण वाकतात, म्हणून वस्तू एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठी भासते, वाइड अँगल अरुंद होतो, कडा ओढल्यासारख्या दिसतात. घुमट लावल्यावर पूर्ण कोन परत मिळाला. मॅनटी तीन मीटर लांब असते, ती सपाट काचेतून अर्धीच फ्रेममध्ये मावते.

दिवे दोन. पण उथळ पाण्यात एकदाही लावले नाहीत. तिथलं ऊनच इतकं देखणं असतं. लाटांनी उन्हाची जाळी होते आणि ती वाळूवर सरकत राहते.

फ्रेमचोवीस

पाटीची युक्ती टिपून घेतली. आणखी एक माझ्याकडून: दिवे लावायची वेळ आली तर भिंगाच्या दोन्ही बाजूंना लांब दांड्यांवर लावा आणि थोडे बाहेर वळवा. समोरून सरळ प्रकाश टाकला की पाण्यातला प्रत्येक कण चमकतो आणि चित्रात बर्फ पडल्यासारखं दिसतं. तलावात शूट करताना क्लोरीनच्या पाण्यातही हा त्रास झाला होता.

पाणमांजर

धागा वाचून लिहिल्यावाचून राहवलं नाही. मूळची पुण्याची, शनिवार पेठेतली. गेली सोळा वर्षं उत्तर फ्लोरिडात आहे आणि गुहेतलं डायव्हिंग शिकलेली आहे. विहीरवाला, तुम्ही जिनीच्या बॉलरूम नावाच्या गुहेत गेला होतात का? आणि डेव्हिल्स इअर या दुसऱ्या गुहेच्या तोंडाशी?

विहीरवाला

ताई, बॉलरूममध्ये गेलो, आतल्या जाळीपर्यंत. त्या जाळीला हात लावला तर आतून येणारं पाणी बोटं मागे ढकलतं. डेव्हिल्स इअरच्या तोंडावरून फक्त खाली पाहिलं. माझं प्रमाणपत्र साधं ओपन वॉटरचं, म्हणजे उघड्या पाण्यापुरतं.

पाणमांजर

बरं केलंत. हे मला जरा मोठं करून लिहायचं आहे, कारण इथला एखादा वाचक तुमचं वर्णन वाचून तिकीट काढेल.

जिनीला नियम आहे की ज्यांनी गुहेचं प्रशिक्षण घेतलेलं नाही त्यांनी डेव्हिल्सच्या बाजूला दिवा घेऊन पाण्यात उतरायचं नाही. नवख्याला हे उलटं वाटतं, अंधारात दिवा नको कसा? पण दिवा नसला की माणूस आपसूक उजेड संपतो तिथे थांबतो. दिवा हातात असला की "अजून दोन मीटर" करत आत जातो. बॉलरूममध्ये दिवा चालतो, कारण तिथे पुढे जायची वाट लोखंडी जाळीनं बंद केलेली आहे. त्या जाळीमागे कशामुळे जीव गेले ते इथल्या प्रत्येक डायव्हरला ठाऊक आहे.

शेक एक्सली हा इथला मोठा गुहा-डायव्हर. त्यानं अपघातांचा एकेक करून अभ्यास केला आणि १९७९ साली त्यावरून नियम लिहून काढले. बाहेर येण्याची दोरी कधीही सोडायची नाही. हवेचा एक तृतीयांश जाताना, एक तृतीयांश येताना, उरलेला संकटासाठी. खोलीची मर्यादा पाळायची. दिवे प्रत्येकी तीन. आणि प्रशिक्षण. त्याच्या यादीतले बरेच मेलेले लोक नवखे नव्हते, समुद्रातले अनुभवी होते, काही तर प्रशिक्षक होते. गुहेत वर डोकं काढायला जागा नसते, एवढा एकच फरक त्यांना नडला. एक्सली स्वतः १९९४ साली मेक्सिकोतल्या झाकातोनच्या विवरात गेला, खूप खोल उतरताना.

कॅमेऱ्याचं इथे खास सांगते. चित्रीकरण करणाऱ्याचं लक्ष पडद्यावर असतं. हवेच्या काट्याकडे नजर जात नाही, दोरी कुठे आहे ते आठवत नाही, जोडीदार मागे राहतो. वेस स्काइल्स या भागातला फार थोर छायाचित्रकार, झऱ्यांच्या आतलं जग त्यानं जगाला दाखवलं. पीकॉक स्प्रिंग्जच्या सरकारी उद्यानाला आता त्याचं नाव आहे. आयुष्यभर गुहांत काम केलेला तो माणूस २०१० साली उघड्या समुद्रात, एका चित्रीकरणाच्या डाइव्हवर गेला. म्हणून मी दर डाइव्हला ठरवून घेते की कॅमेरा कोणाच्या हातात आणि घड्याळ-काटा कोणाच्या. दोन्ही एकाच माणसाकडे नाही.

निळीछत्री

पाणमांजर ताई, अंगावर काटा आला. दिव्याचा नियम कायम लक्षात राहील.

डॉक्टरकर्वेनगर

थोडं वैद्यकीय. सर्दी असताना डाइव्ह करू नका. कान मोकळे होत नसतील तर जोर लावून खाली जाऊ नका, अर्धा मीटर वर या, पुन्हा प्रयत्न करा. पडदा फाटल्याचे रुग्ण पाहिले आहेत. दुसरं, परतीचं विमान. एकच डाइव्ह केला असेल तर किमान १२ तास, अनेक दिवस किंवा अनेक डाइव्ह असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये असा सर्वमान्य सल्ला आहे. मी पूर्ण दिवस मोकळा ठेवायला सांगतो. दमा, हृदयविकार, फिट्सचा इतिहास असेल तर जाण्याआधी डायव्हिंग समजणाऱ्या डॉक्टरांना भेटा, फॉर्मवर खोटं लिहू नका.

विहीरवाला

धन्यवाद डॉक्टर. मी शेवटचे दोन दिवस कोरडा राहिलो.

आता मॅनटी.

क्रिस्टल रिव्हर हे गाव मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूला आहे. तिथल्या किंग्ज बे या खाडीच्या तळात सत्तरेक झरे आहेत. थंडीत आखाताचं पाणी २० अंशांखाली गेलं की मॅनटींना ते सोसत नाही. इतका अजस्र प्राणी, चारपाचशे किलोंचा, पण चरबीचा थर पातळ. मग त्या २२ अंशांच्या झऱ्यांकडे येतात. त्यांच्यासाठी ती थंडीतली शेकोटीच. १५ नोव्हेंबर ते ३१ मार्च हा त्यांचा हंगाम, त्या काळात काही जागा माणसांसाठी पूर्ण बंद असतात.

तिथे मी स्कूबा, म्हणजे पाठीला हवेची टाकी लावून डाइव्ह, केलं नाही. टाकीतली हवा तोंडात देणाऱ्या रेग्युलेटरच्या बुडबुड्यांचा आवाज त्यांना नको असतो, म्हणून नळी आणि मुखवटा घालून, फोमच्या तुकड्यावर हात टेकून, पालथं तरंगत राहायचं. पहाटे साडेसहाला होडी निघाली. खाडीवर धुकं इतकं की पलीकडची झाडं दिसेनात. वाटाड्या बाईंनी उतरण्याआधी सगळ्यांना बजावलं: पाठलाग नाही, वरून सूर मारणं नाही, विश्रांती घेणाऱ्या जनावराला स्पर्श नाही, आई आणि पिल्लू यांच्या मधे यायचं नाही.

पाण्यात पहिली दहा मिनिटं मला काहीच दिसलं नाही. मग मी ज्याला तळाचा खडक समजत होतो तो वर यायला लागला. काही हालचाल न करता, फुग्यासारखा. नाकपुड्या पाण्याबाहेर काढल्या, फुस्स करून श्वास सोडला, घेतला, नाकपुड्या मिटल्या आणि तसाच खाली गेला. झोपेतच. दर तीन-चार मिनिटांनी हेच. पाठीवर चार समांतर पांढरे वण होते, होडीच्या पंख्याचे. अभ्यासक या वणांवरून एकेक मॅनटी ओळखतात. वण नसलेली मोठी मॅनटी मला त्या सकाळी दिसली नाही.

थोड्या वेळानं एक मादी आणि पिल्लू आलं. पिल्लू तिच्या पुढच्या वल्ह्यामागे, काखेत तोंड घालून पीत होतं. मॅनटीचे सड काखेत असतात, हत्तिणीचे जसे पुढच्या पायांच्या मधे असतात तसे. नातंही जवळचं आहे, हत्ती आणि मॅनटी एकाच पूर्वजाच्या शाखा. दूध पिताना पिल्लाचं शेपूट हलकं हलकं वरखाली होत होतं. मी चार मिनिटं सलग, एका जागेवरून, झूम न करता घेतलं. संपादनात एकही सेकंद कापला नाही.

तेवढ्यात आमच्याच होडीतला एक तरुण काठीवरचा कॅमेरा पुढे सारत पिल्लाच्या तोंडाशी गेला. मादी वळली आणि दोघं झऱ्याबाहेर, थंड पाण्याकडे गेली. वाटाड्या बाईंनी त्याला होडीवर बोलावून घेतलं. त्याच्या व्हिडिओत काय आलं ते मी नंतर पाहिलं: तीन सेकंद पिल्लू आणि मग शेपूट. त्या तीन सेकंदांसाठी एका दूध पाजणाऱ्या आईला उबेतून उठावं लागलं. मला त्याचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

सदाशिवपेठी

पण मॅनटी स्वतःहून माणसाजवळ येतात, अंगाला अंग घासतात, असे कितीतरी व्हिडिओ आहेत. मग हात लावला तर इतकं काय? आपण गाईच्या पाठीवरून हात फिरवतोच की.

पाणमांजर

गाय पाळीव आहे आणि ती आपल्याच दारात राहते. मॅनटीनं माणसाची भीती सोडली तर ती माणसाच्या होड्यांची भीतीही सोडते, आणि होडीचा पंखा हा तिच्या मरणाच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. कायदाही स्पष्ट आहे, सागरी सस्तन प्राण्यांचा १९७२ चा आणि संकटग्रस्त प्रजातींचा १९७३ चा, शिवाय राज्याचा १९७८ चा. २०१७ साली त्यांचा दर्जा "संकटग्रस्त" वरून एक पायरी खाली आणला, पण २०२१ साली एकाच वर्षात फ्लोरिडात ११०० च्या आसपास मॅनटी मेल्या. पूर्व किनाऱ्यावरच्या इंडियन रिव्हर खाजणात सांडपाणी आणि खतांमुळे शेवाळ माजलं, पाणी गढूळ झालं, तळाचं सागरी गवत उन्हाविना मेलं आणि मॅनटी उपाशी राहिल्या. त्या हिवाळ्यात सरकारी माणसांना त्यांना लेट्यूस खायला घालावं लागलं. जंगली जनावराला खाऊ घालणं एरवी गुन्हा आहे, यावरून अवस्था समजा.

ती आपणहून जवळ आली तर तुम्ही स्थिर राहा. बघू द्या तिला. तुमचे हात तुमच्यापाशी.

सदाशिवपेठी

पटलं. होड्यांचा संबंध माझ्या डोक्यात आला नव्हता.

भीमथडी

मॅनटीवरून आठवलं, आपल्याकडे तिची बहीण आहे, समुद्रगाय, म्हणजे ड्युगाँग. मन्नारचं आखात, पाल्कची सामुद्रधुनी, कच्छचं आखात आणि अंदमान. ती मात्र गोड्या पाण्यात येत नाही. शेपटीवरून ओळखायची: मॅनटीची गोल, सुपासारखी, ड्युगाँगची डॉल्फिनसारखी दुभंगलेली. तमिळनाडूनं २०२२ साली पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र जाहीर केलं.

कातळझरा

मी भूजलाच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे झरा हा शब्द दिसला की थांबतेच. विहीरवाला, लहानपणचा तुमचा प्रश्न फार चांगला होता. उत्तर दोन्हीकडे वेगळं आहे.

फ्लोरिडा चुनखडीवर बसलेलं आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि हजारो वर्षांत चुनखडी विरघळवतं. त्यातून भेगा, भेगांचे बोगदे, बोगद्यांच्या गुहा होतात. हे सगळं पाण्यानं भरलेलं आहे आणि दाबामुळे जिथे तोंड मिळेल तिथे वर येतं. तिथे एक हजाराहून जास्त झरे आहेत. पहिल्या प्रतीचा झरा म्हणायला त्यातून सेकंदाला १०० घनफूट, म्हणजे सुमारे २८०० लिटर पाणी यावं लागतं. आपल्या सोसायटीत उन्हाळ्यात येणारा दहा हजार लिटरचा टँकर असा झरा साडेतीन सेकंदांत भरेल.

आपल्याखाली बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर, एकावर एक. बेसाल्ट चुनखडीसारखा विरघळत नाही, म्हणून त्यात पोहत जाण्याजोग्या पाण्यानं भरलेल्या गुहा होत नाहीत. पाणी राहतं ते भेगांत आणि थरांमधल्या सच्छिद्र, भुसभुशीत पट्ट्यांत. असा पट्टा डोंगरउतारावर उघडा पडला की तिथे झरा. सह्याद्रीतल्या गडांवरची टाकी, घाटातली पाणवठ्याची ठिकाणं, बावधनचा झरा, बरेचसे याच जातीचे. सासवडच्या विहिरीत तुमच्या पायाला लागलेलं गार पाणी अशाच एखाद्या पट्ट्यातून आलं असणार. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून शहरात पाणी आणलं, त्या तलावांमागेही हेच डोंगर आणि हेच झिरपणं.

एक विनंती. तिथलं पाणी नितळ दिसतं म्हणून निरोगी समजू नका. नितळ पाण्यातही नायट्रेट असतो, शेतातल्या खतांचा आणि सेप्टिक टाक्यांचा. फ्लोरिडानं झऱ्यांसाठी लिटरमागे ०.३५ मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली आहे, आणि अनेक झरे तिच्या वर आहेत. तुमच्या फुटेजमध्ये गवताच्या पातींवर केसाळ शेवाळ आहे का, जरा पाहा.

विहीरवाला

@कातळझरा, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री अकरा तासांचं फुटेज पुन्हा चाळलं. आहे. एका झऱ्यात तर पात दिसतच नाही, नुसती तपकिरी लोकर. त्या दिवशी मी ते "खराब शॉट" म्हणून बाजूला टाकलं होतं. आता नऊ मिनिटांत घेणार. तो टँकरचा हिशोब आईला वाचून दाखवला, ती बराच वेळ काही बोलली नाही.

खडकवासलेकर

सापळ्यासारखं कॅमेरा ठेवून थांबणं आवडलं. पक्षी टिपताना भिगवणला आम्ही हेच करतो. तिथे अॅनहिंगा दिसला का? आपल्या तिरंदाज पक्ष्याचा भाऊ.

विहीरवाला

दिसला, आणि पाण्याखालून दिसला! रेनबो नदीत मी प्रवाहासोबत वाहत डाइव्ह करत होतो. वर पाण्यावर डाइव्हचा झेंडा ओढत न्यावा लागतो, तो कायद्यानं सक्तीचा आहे. गवतावरून तरंगत जाताना बाजूनं काळं काही सुटलं. मान एसच्या आकारात दुमडलेली, पंख अर्धे मिटलेले. थांबला, मान झटक्यात सरळ, मासा चोचीत टोचलेला. सगळं मिळून सेकंदभराचं. मी सेकंदाला साठ फ्रेमवर घेत होतो म्हणून ते संथ करून पाहता आलं. त्याच नदीत गार नावाचे लांब चोचीचे मासे ओंडक्यांसारखे तरंगत उभे होते, हातभर अंतरावरून गेलो तरी हलले नाहीत.

फ्रेमचोवीस

इतिहासातलं एक इथे शोभेल. सिल्व्हर स्प्रिंग्जला ब्रूस मोझर्ट नावाचा छायाचित्रकार १९३८ साली आला आणि तिथलाच झाला. पाण्याखालच्या कॅमेऱ्याची आवरणं त्यानं स्वतः बनवली. झऱ्याच्या तळाशी मॉडेल उभ्या करून स्वयंपाक, चहापान, गोल्फ असली दृश्यं घ्यायचा. शेगडीतून धूर दाखवायला डब्यातलं आटवलेलं दूध वापरायचा, दुधातली चरबी पाण्यात वर चढते आणि धुरासारखी दिसते. शॅम्पेनचे बुडबुडे विरघळणाऱ्या गोळीचे. २०१५ साली ९८ व्या वर्षी गेला. पाणी इतकं स्वच्छ होतं म्हणून हे जमलं. आज त्याच कल्पनेवर कोणी दूध ओतलं तर मी स्वतः आडवा येईन, पण त्याच्या कारागिरीला नमस्कार.

निळीछत्री

आवरणात पाणी शिरलं तर काय करायचं? माझा एक कॅमेरा तारकर्लीला असाच गेला. एका दुकानातून रबरी रिंग घेतली होती, ती मापाची नव्हती.

विहीरवाला

वाईट वाटलं. माझी रीत सांगतो. रिंग दर रात्री काढतो, कोमट गोड्या पाण्यात धुतो, बोटाच्या टोकानं चाचपतो. एखादा केस किंवा वाळूचा कण डोळ्याला दिसत नाही पण बोटाला लागतो. ग्रीस अगदी नखभर, रिंग ओली चमकली की पुरे. मग कॅमेऱ्याशिवाय रिकामं आवरण बादलीत पाच मिनिटं दाबून धरायचं, आत टिश्यू पेपर ठेवून. टिश्यू कोरडा निघाला तरच कॅमेरा. काचेवर आतून वाफ धरू नये म्हणून आवरण एसीच्या कोरड्या खोलीत बंद करायचं आणि आत सिलिका जेलची पुडी. बॅटऱ्या विमानात हातातल्या बॅगेतच.

भीमथडी

आता मला राहवत नाही. पुण्याजवळ गोड्या पाण्याखाली असं काही टिपता येईल का? महाडजवळ वाळण कोंड आहे. काळ नदीचा डोह, वरदायिनीचं ठाणं, आणि डोहातले महसीर मासे देवीचे म्हणून कोणी धरत नाही. तिथे उतरून चित्रीकरण केलं तर?

कातळझरा

उतरू नका. गावानं पिढ्यान्‌पिढ्या तो डोह राखला, म्हणून ते मासे आहेत. आपण मुखवटा-टाकी घालून त्यात शिरलो तर आपल्यामागे आणखी शंभर जण शिरतील.

आणि महसीरचं म्हणाल तर एक सांगते, ते वाचून मला पहिल्यांदा झोप लागली नव्हती. दख्खनच्या महसीरचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्सनं १८३९ साली केलं, ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. जगात ज्या पाण्यावरून त्या माशाला नाव मिळालं ते पाणी आपलं. आज त्या पाण्यात कॅमेरा बुडवला तर फेस आणि काळोख.

खडकवासलेकर

हे ठाऊक नव्हतं. खरंच ठाऊक नव्हतं. त्या पुलावरून रोज जातो.

पाणमांजर

भीमथडी, उतरायची गरजच नाही. इथे आम्ही लांब दांड्याला छोटा कॅमेरा लावून काठावरून पाण्यात सोडतो. पाण्यात माणूस नाही, बुडबुडे नाहीत, मासे दोन मिनिटांत परत येतात. वाळण कोंडला आधी गावातल्या जाणत्यांना, पुजाऱ्यांना विचारा. हो म्हणाले तर काठावर बसून करा. नाही म्हणाले तर नमस्कार करून परत या.

भीमथडी

हे करण्याजोगं आहे. मोटरसायकलवरून ताम्हिणीमार्गे जाता येईल. विहीरवाला, घुमटाचं आवरण एका रविवारपुरतं मिळेल का?

विहीरवाला

आवरणही देतो आणि मीही येतो. दांडा मात्र बांबूचाच घेऊ, आजोळी विहिरीतला पोहरा काढायला गळ बांधलेला होता तसला, पंधरा फुटी. रिंग मी आदल्या रात्री तपासून ठेवतो. कातळझरा, तुम्हाला जमेल का? पाण्याचं तापमान आणि बाकी काय मोजायचं ते तुम्हीच सांगा.

कातळझरा

येते. थर्मामीटर आणि नायट्रेटच्या पट्ट्या माझ्याकडे आहेत. पण गावात आधी फोन करून विचारा, मगच तारीख ठरवू.

भीमथडी

आज संध्याकाळी करतो. उत्तर आलं की इथेच लिहितो.